दोन तृतीयांश आणि एक दार

आमच्या विधिमंडळाच्या द्वारपालाला सदस्य थट्टेने ‘अडसर’ म्हणत. मी तेथे सचिव होतो. इतका टापटिपीचा कर्मचारी माझ्या पाहण्यात दुसरा नाही. मतदानाची घंटा थांबली की सभागृहाचे दार लावायचे, हे त्याचे काम. मात्र धावतपळत येणाऱ्या सदस्यासाठी तो दार क्षणभर हाताने उघडे धरी. ही मुभा नियमात नव्हती, रिवाजात होती.

त्याचा धाकटा भाऊ निवडून आला आणि हा थोरला असूनही गल्लीत ‘सदस्यांचा भाऊ’ झाला. वर्तमानपत्रांतली धाकट्याची छायाचित्रे आई भिंतीवर चिकटवी. एकात दाराशी उभ्या थोरल्याचे कोपर आले होते. ते तिने कात्रीने नेटके कापून टाकले.

“एवढं काय तोंड पाडायचं? कोपरच तर होतं!” ती म्हणाली. हे त्याने मला निदान दहादा तरी ऐकवले असेल.

आमच्याकडे कोणताही कायदा संमत होण्यास दोन तृतीयांश मते लागत. ही अट काढून साधे बहुमत पुरेसे मानावे, असे विधेयक धाकट्याने आणले. तेही अर्थातच दोन तृतीयांश मतांनीच संमत व्हायचे होते. मी स्वतः अटीच्या बाजूचा. कायद्याला घाईपेक्षा सहमती बरी, असे माझे मत आजही आहे.

मतदानाच्या वेळी धाकटा बाहेर पत्रकारांत रमला होता. घंटा थांबली तेव्हा तो दाराशी पोचतच होता. मी आत शेजारीच उभा होतो.

“दादा, धर जरा!”

“घंटा थांबली, सन्माननीय सदस्य.”

“अरे, माझंच विधेयक आहे!”

“तुझंच असतं सगळं,” असे म्हणून थोरल्याने दार लावले.

विधेयक एका मताने पडले. नियमावर बोट ठेवले तर त्याचे काहीच चुकले नव्हते. रिवाज मात्र त्याने नेमका सख्ख्या भावाच्या वेळी मोडला होता.

दुसऱ्या दिवशी विरोधकांनी द्वारपालाच्या नियमनिष्ठेच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. सारे सभागृह प्रथमच त्याच्याकडे मान वळवून पाहू लागले. त्याने गणवेशाची वरची गुंडी लावली. तेवढ्यात धाकटा उभा राहिला.

“दादानं योग्यच केलं. पहिला हात माझा!”

बाके वाजू लागली ती थांबेनात. सगळ्या माना धाकट्याकडे वळल्या. ठराव एकमताने संमत झाला.

मी अभिनंदन करायला गेलो, तर हा दाराची पितळी कडी घासत होता.

“साहेब, एकमत कशाला हवं होतं?” तो वर न पाहता म्हणाला. “दोन तृतीयांशात भागलं असतं माझं.”