अर्धा कप

घरीही चहा अर्धा कपच ओतणाऱ्या नवऱ्याला तिने जन्मभर चिक्कू म्हटलं. तो किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या प्रवासी बोटीवर वाढपी. निवृत्त व्हायच्या आधी एकदाचं तिला बोटीवर घेऊन गेला. वरचा डेक, घासूनपुसून लखलखणारे पितळी कठडे, खालच्या चिंचोळ्या केबिनी, सगळं त्याने हौसेने दाखवलं. जेवणाच्या खोलीत खुर्च्या जमिनीला स्क्रूने पक्क्या केलेल्या.

"इथे काय खुर्चीचोर येतात?" तिने विचारलं.

तेवढ्यात बोट कलली. लोकांनी टेबलं धरली. हा मात्र चहाचा ट्रे घेऊन उतरणीवरून सरळ चालत गेला. थेंबही सांडला नाही. ती बघतच राहिली.

"कप अर्धाच?" एक प्रवासी कुरकुरला.

नवऱ्याने तोंड उघडायच्या आत तीच फिस्कारली, "भरलेला हवा तर घरी जाऊन प्या. आमच्या नव्हे, तुमच्या."