रुवैसची ओहोटी

मार्था तुस्कानोचा जीव मुळातच चिमणीएवढा. लग्न होऊन वसईहून दोहाला आली, अल सद्दच्या एका टूर कंपनीत तिकिटांच्या टेबलावर बसली, पण फोन जरा जोरात वाजला तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं. अशा बाईच्या गळ्यात २००३च्या फेब्रुवारीत अख्खी जपानी बस पडली. गाईड तापानं फणफणला होता. साहेब म्हणाले, "मार्था, यू गो. इन्शाल्ला, काही होत नाही."

बसमध्ये सगळे म्हातारे-म्हाताऱ्या, गळ्यात कॅमेरे. त्यांच्या प्रमुख मोरिता बाईंना तेवढं इंग्रजी येत होतं. ड्रायव्हर वली पेशावरकडचा. मार्थाला बाजी, म्हणजे ताई, म्हणायचा. उंटांच्या शर्यतीचं मैदान झालं, झुबाराचा किल्ला झाला. प्रत्येक ठिकाणी मार्था माणसं मोजायची, बस हलली की पुन्हा मोजायची. वली हसायचा.

रुवैसला बंदरालगतच्या खानावळीत जेवण होतं. भात शिजायला वेळ होता, म्हणून पाहुणे किनाऱ्यावर फोटो काढत फिरले. मग हाक आली, सगळे बसले, तळलेला हामूर मासा टेबलांवर आला. एक खुर्ची मात्र रिकामीच.

"ओकाझाकी-सान?" मोरिता बाईंनी विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

मार्था बाहेर धावली. ओहोटीनं समुद्र पार आत गेला होता आणि त्या उघड्या चिखलात, दूरवर, पांढरी टोपी. म्हातारा वाकून शिंपल्या वेचत होता. मार्थाचा जीव भांड्यात पडला आणि लगेच टांगणीला लागला. किनारा आणि म्हातारा यांच्यामधला चर पाण्यानं भरायला लागला होता. भरती आधी चरातून मागून येते, पुढून नाही, हे वसईच्या पोरीला सांगायला नको.

तिनं हाका मारल्या. म्हाताऱ्यानं हात हलवला, पण जागचा हलेना.

"वलीभाई, उनका पाँव फँसा है!" खानावळीकडे ओरडून, चपला भिरकावून ती चरात उतरली. पाणी मांड्यांपर्यंत आलं. पोहता येत नव्हतं. 'येजू, येजू' म्हणत ती पलीकडे गेली. ओकाझाकी आजोबांचा एक पाय गुडघ्यापर्यंत रुतला होता. ते हसून मान लववत होते. तिनं ओढलं, तर त्यांचा दुसरा पायही खचला. पाणी घोट्याला लागलं.

"बाजी, हटो!" वली चर ओलांडून येत होता. पाण्याला भिणारा तो पठाण, डोक्यावर खानावळीतला भाताचा भलामोठा थाळ धरून! त्यातला भात त्यानं तिथेच टेबलावर पालथा केला होता. थाळ चिखलावर टाकून दोघांनी आजोबांना त्यावर बसवलं. मार्थानं हातांनी पायांभोवतीचा चिखल उपसला. पाणी चढत होतं, चिखल परत भरत होता. "यल्ला, यल्ला, जल्दी," वली पुटपुटत राहिला. शेवटी बूट आत राहिले आणि पाय सुटले.

वलीनं आजोबांना पाठीवर घेतलं. चरात पाणी छातीला लागलं तेव्हा मार्थानं त्याचा शर्ट मागून घट्ट धरला. कोण कुणाला सावरत होतं देव जाणे. काठावर मोरिता बाई रडत उभ्या होत्या. आजोबांनी अनवाणीच कमरेतून वाकून आधी वलीला, मग मार्थाला नमस्कार केला आणि बराच वेळ वर पाहिलंच नाही.

परतीच्या वाटेवर सगळे झोपले. मार्था ओल्या कपड्यांनी पहिल्या सीटवर कुडकुडत बसली होती. वळून वळून मागे बघत होती.

संध्याकाळी घरी नवऱ्यानं, आल्फ्रेडनं, विचारलं, "कसे काय होते गं तुझे जपानी?" आणि तिला रडू फुटलं. हुंदके आवरेनात. सगळं ऐकून तो म्हणाला, "उद्या साहेबांना सांग, परत जमणार नाही."

ती ऑफिसात गेली ती तेच सांगायला. पण तिनं तोंड उघडण्याआधीच साहेबांनी पुढच्या बसबरोबर जाणार का विचारलं.

"जाते," ती म्हणाली. "पण ड्रायव्हर वलीच हवा."

साहेबांना 'नाही' का म्हटलं नाही, हे तिला आल्फ्रेडला कधी नीट सांगता आलं नाही.