पाच मिनिटांच्या कामाचा कठडा

आमचे हे सपाट छतं दुरुस्त करतात. काम पाच मिनिटांचं असलं तरी ह्यांची तयारी तासभर चालते, म्हणून धंद्यातले लोक ह्यांना ‘तयारीवाले’ म्हणतात. घरात दिवा बदलायचा असला तरी स्टुलावर चढण्याआधी प्रश्न ठरलेला, "खालून होईल का?" लग्न झालं तेव्हा मला वाटलं, माणूस कामचुकार दिसतोय. पुढे कळलं, हा माणूस रोज संध्याकाळी धडधाकट घरी येतो तो ह्याच खोडीमुळे.

पण लेकीने "मीही बाबांबरोबर कामाला जाणार" असा हट्ट धरला आणि माझं डोकंच फिरलं. नवऱ्याची काळजी अंगवळणी पडली होती, त्यात लेकीची भर कोण घालून घेणार? शेवटी अट घातली, एक काम मी स्वतः बघणार, मगच हो की नाही ते सांगणार.

काम होतं एका गोदामाच्या छतावर. कडेला कठडा नाही, आणि अगदी कोपऱ्यातली पाणी जायची जाळी तुटलेली. मी जिन्याच्या दाराशीच बसकण मारली. ह्यांनी छताच्या मधोमध असलेल्या कडीला दोरी अडकवली, लेकीच्या अंगात पट्टा चढवला आणि माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसले. बायकोसमोर रुबाब दाखवायचा होता ना!

लेक मात्र जागची हलेना. "बाबा, कोपरा सगळ्यात लांब. तिथवर पोचेल एवढी दोरी सोडली, तर बाजूच्या कडेवरून मी खाली लोंबकळेन की!"

ह्यांनी दोरीकडे बघितलं, कडेकडे बघितलं, आणि चेहरा खर्रकन उतरला.

"मग कसं करायचं?" ह्यांनी विचारलं.

"गाडीतला सुटा कठडा आणू. दोरी आखूड ठेवायची, कडेपर्यंत जाताच येणार नाही अशी. कठडा आतून ढकलत कोपऱ्यात न्यायचा आणि मागच्या बाजूने वजनं ठेवायची, म्हणजे तो कलंडणार नाही."

"अगं, ती वजनं वर आणता आणता कंबर मोडेल! पाच मिनिटांचं तर काम!"

हे ह्यांच्या तोंडून! मी बघतच राहिले. बोलून तेही दचकले, आणि मग पोट धरून असे हसले की आम्हा दोघींनाही हसू आवरेना.

वजनं तिघांनी मिळून वर चढवली. माझी तर पार वाट लागली. कठडा उभा राहिल्यावर मी आतून त्याला जोर लावून बघितला, जराही हलला नाही. आता कडेवरून पडायची भीती नव्हती, म्हणून लेकीने दोरी सैल सोडून शीळ घालत जाळी बसवली. तेवढ्यात हे खाली जाऊन गोदामाच्या पहारेकऱ्याला सांगूनही आले, "पोरीने आज माझी चूक पकडली!" माणूस हरखून गेला होता नुसता. मला तर रडूच आलं, आनंदाचं.

"आई, मग? हो की नाही?" लेकीने विचारलं.

"जा बाई," मी म्हटलं. "तुझ्या बाबांवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच."