तळघरातलं दार
शेजारी कुणी भिंत फोडायला लागलं, की सिमेंटच्या धुळीचा वास येतो आणि मला अजूनही धडधडतं. वर्ल्ड कपसाठी अख्खं दोहा खणून ठेवलं होतं तेव्हाची गोष्ट. तिथल्या विद्यापीठात मी ग्रंथशास्त्र नुकतंच शिकायला लागले होते. जुनी पुस्तकं कशी शिवत, ते दाखवायला आमच्या इजिप्शियन मॅडम मला तळघरातल्या हस्तलिखितांच्या खोलीत घेऊन गेल्या. त्यांनी एक अरबी हस्तलिखित माझ्या हातात दिलं, तेवढ्यात आगीचा भोंगा वाजला. बाहेरच्या खोदकामाची धूळ आत शिरली होती आणि यंत्राला तो धूर वाटला, हे नंतर कळलं. कागद भिजू नयेत म्हणून तिथे आगीवर पाण्याऐवजी गॅस सोडतात, त्यात माणूस गुदमरतो. “पुस्तक ठेव, यल्ला, चल लवकर!” मॅडम ओरडल्या. मी दार जिवाच्या आकांताने ओढलं, ते हलेना. घरी ठेवून आलेली लेक डोळ्यांसमोर आली. मॅडमनी मला बाजूला सारलं आणि दार बाहेर ढकललं. ते लगेच उघडलं. “खलास, खलास, संपलं आता,” म्हणत त्या जिन्यातच बसल्या. आता तो विषय मी शिकवते. पहिल्या दिवशी, पुस्तकाला हात लावायच्या आधी, प्रत्येकाला ते दार एकदा ढकलायला लावते.