पक्षकाराची खुर्ची

आधी तिचं सांगते. कायद्याच्या विद्यापीठात तेव्हा चौथ्या वर्षाला असलेली मुलगी, घर जबलपुरातच, मदन महलकडे, वडील फॅक्टरीत. मराठी घरातली, पण तिची मराठी अर्धी हिंदीच. आज मी दहावीची गणितं सोडवून राहिले आहे, ती तिच्यामुळे.

मी तिथल्या मेसमध्ये पोळ्या लाटते. गाव अमरावतीकडचं, नववीत शाळा सुटली, लग्न होऊन जबलपूरला आले. विद्यापीठ नावाजलेलं. देशभरातून मुलं परीक्षा देऊन येतात, पाच वर्षं शिकतात. मला ते सगळं वाढायच्या खिडकीतून दिसतं. मूट कोर्ट, म्हणजे खोटा खटला असला की काळा कोट, गळ्यात पांढरी पट्टी आणि पायात हॉस्टेलच्या चपला. वादाची सवय इतकी, की पनीरही सुटत नाही.

"दीदी, उसको चार पीस, मुझे तीन? समानता का अधिकार कहाँ गया?"

"अपील करो, भैया," मी म्हणते.

परीक्षेच्या आठवड्यात मात्र हीच पोरं मुकी होतात. डोळे पुस्तकात, आणि पोळी वरणाऐवजी पाण्याच्या ग्लासात.

तिथे एक स्पर्धा असते. दोघंदोघं वकील होऊन बसतात, समोर खोटा पक्षकार. त्याची अडचण त्याला आधी पढवून ठेवलेली असते. ती मुलांनी हळूहळू काढून घ्यायची, सल्ला द्यायचा. बाजूला परीक्षक गुण देतात. ओळखीचे विद्यार्थी नकोत म्हणून स्पर्धा घेणाऱ्या मॅडमनी मला विचारलं, पक्षकार होशील का?

"मॅडम, मी शिकलेली नाही."

"पक्षकार व्हायला डिग्री लागत नाही."

मला पढवलेली अडचण अशी: मी भाडेकरीण; घरमालक खोली खाली करा म्हणतो. पोळ्या लाटता लाटता मी सगळं पाठ केलं. पहिल्या जोड्यांनी बसल्याबसल्याच विचारलं, किराए की रसीद है? तिथे मी अडले नाही.

मग ती आणि तिचा जोडीदार आले. तिनं खुर्ची समोरून उचलून माझ्या बाजूला आणली, पाणी दिलं आणि म्हणाली, "ताई, पहले ये बताओ, तुम्हाला सर्वात जास्त भीती कशाची वाटते?"

असं मला कोणी विचारलंच नव्हतं. पाठ केलेलं सगळं उडालं. तोंडातून निघालं, "दहावीला बसायची. नववीत शाळा सोडली, आता या वयात फॉर्म भरायला गेले तर हसतील. नियमात बसत नाही म्हणून हाकलतील."

जोडीदार कुजबुजला, "यार, ये कौन सा केस है?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "ताई, हे खरं आहे ना?"

मी मान डोलावली.

वेळ चालून राहिला होता. 'ते नंतर बोलू, खोलीचं सांगा,' असं ती म्हणू शकत होती. जोडीदारानं कोपरानं ढोसलंही. "रुक जा," ती त्याला म्हणाली, आणि मला समजावत बसली, की मुक्त शाळेतून मोठ्या वयातही दहावी देता येते, कोणी हाकलत नाही, यात लाजायचं काही नाही. घंटा वाजली तेव्हा खोलीचा विषय निघालेलाच नव्हता. त्या फेरीतच ते दोघं स्पर्धेतून बाद झाले.

मी स्वयंपाकघरात येऊन रडले. दोघं मागून आले.

"काहून रडून राहिली, ताई?" तिनं विचारलं.

"आपने तो हमें ही बेदखल कर दिया, दीदी!" जोडीदार म्हणाला, पण हसत.

"चलो, अच्छा हुआ," ती म्हणाली. "खोली तर खोटीच होती."

फॉर्म तिनं माझ्यासोबत बसून भरला. जेवणं आटोपली की रिकाम्या टेबलावर बीजगणित शिकवायची. माझं उत्तर चुकलं की माझ्याआधी तीच स्वतःच्या कपाळावर हात मारायची. आता ती इथल्याच कोर्टात जाते, एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली. फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं: "अच्छा, गणित झालं का?"

परीक्षा तोंडावर आहे. भीती गेलेली नाही. पण माझ्यापायी गेलेली फेरी मी तिला कधीतरी परत करणार. ती स्वतःचं ऑफिस उघडेल, तेव्हा दारात घाबरून उभ्या राहिलेल्या माणसाला आत घेऊन बसवायला, पाणी द्यायला, त्याची भीती विचारायला मी तिच्याकडे असेन. दहावी पास होऊन.