जावयाला अरे-तुरे

आमच्या दारव्ह्याकडं जावई वयानं लेकरासारखा असला तरी सासू त्याला 'तुम्ही'च म्हणणार. माझा जावई मंगोलियाचा. लेक तिथे शाळेत शिकवते, तिथल्याच एका मास्तरशी तिने लग्न केलं. मृग लागायच्या आधी, तापत्या उन्हात दोघं पहिल्यांदा घरी आले, आणि मी आपली "या, बसा, घ्या" करत राहिले. परक्या मुलखातलं पोरगं, त्याला हे घर आपलं वाटलं पाहिजे, एवढीच माझी हौस.

दुसऱ्या दिवशी लेक स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, तो हिरमुसला ना. तू-तुम्ही एवढं मराठी कळते त्याले. त्यांच्यात मोठ्या माणसालेच 'ता' म्हणतात, म्हणजे आपलं तुम्ही. सासू जावयाले 'चि' म्हणते, तू. त्याले वाटते, तू त्याले पसंतच नाही केलं."

"अवो माय! जावयाले अरे-तुरे करू? लोक तोंडात शेण घालतील."

ती हसली. पोळ्या लाटता लाटता सांगत बसली. 'ता'सुद्धा मुळात अनेकांसाठीच होतं, आपल्या तुम्हीसारखं. मग मान द्यायला एकट्या माणसालाही म्हणू लागले. 'तो' म्हणायला त्यांच्याकडे जुना शब्द होता, तो मागे पडला. आता 'तेर' म्हणतात, म्हणजे नुसतं 'ते तिकडचं'. ते ऐकून मला कसंसंच झालं. पोराला मीही तिकडचाच करून ठेवलं होतं की! पण जीभ काही वळेना. 'तू' ओठांवर यायचं आणि बाहेर पडायचं, "चहा घेता का?"

मग एका भर दुपारी हा बाबा बोडक्या डोक्यानं बाजाराला निघाला. बाहेर कुत्रंही सावली सोडत नव्हतं. माझं टाळकंच फिरलं.

"अरे ए! तुले अक्कल हाय का नाही? डोक्याले दुपट्टा नाही अन् चालला मोठा! ऊन लागून पडशील तं काय करू मी?"

आमच्या मालकांनी हातातला पेपर खाली ठेवला. मी जीभ चावली. जावई उंबऱ्यातच थांबला. त्याचे डोळे भरून आले होते. लेकीकडे बघून तो काहीतरी पुटपुटला.

"लागलं का वं त्याले माह्यं बोलणं?" मी घाबरून विचारलं.

"नाही आई. तो म्हणते, माय गेल्यापासून त्याले असं कोणी रागावलंच नाही."

मला रडूच फुटलं. खुंटीवरचा दुपट्टा ओढला, त्याचं डोकं खाली वाकवून करकचून बांधला, आणि त्याला आणखी रागावले.