बाईंची वीत आणि देवरे सरांचं वय

शाळेत नोकरी केली की पगार साठतो की नाही, हा वादाचा विषय आहे. किस्से मात्र साठतातच! तुम्ही नको म्हटलं तरी साठतात. माझ्याकडे तर गणित मंडळ होतं. म्हणजे विचारूच नका.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी नुकतीच बीएड झालेली, गंगापूर रोडच्या घरातून लुनावर शाळेत जाणारी आणि मधल्या सुट्टीच्या घंटेलाही दचकणारी! त्यात तासिका तत्त्वावर. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, शनिवारचा शेवटचा तास माझ्या हवाली केला. "मुलांना गणिताची गोडी लावा," असं प्रेमाने म्हणाल्या. आणि त्याच दमात, "दिवाळीनंतर साहेब तपासणीला येतील. त्यांना हा पोरखेळ वाटला, तर मंडळ बंद. मग तुमच्यासाठी दुसरा तास आमच्याकडे नाही, हं!"

एवढी गोडी लागल्यावर मला जेवण कुठलं जातंय!

*

सुरुवात मापांपासून केली. सातवीच्या मुलांना सांगितलं, फळा वितीने मोजा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं. प्रकरण कॉलर धरण्यापर्यंत गेलं. शेवटी ठरलं, शाळेची एकच अधिकृत वीत हवी. कुणाची? "मोठ्या बाईंची! त्यांच्या वितीला नाही म्हणायची कुणाची टाप आहे?"

शिष्टमंडळ पट्टी घेऊन ऑफिसात गेलं. मी मागे, दाराआड. मुलं म्हणाली, "बाई, जरा हात बघायचाय."

त्याच दिवशी सकाळी परिपाठात बाई अंधश्रद्धेवर अर्धा तास बोलल्या होत्या. आता त्यांनी फाइल बाजूला सारली, बांगड्या मागे सरकवल्या आणि हळूच विचारलं, "बायकांचा डावा बघतात ना रे? माझ्या मुलाचं अमेरिकेचं काही दिसतंय का बघ."

पोराने पट्टी लावली. "अमेरिकेचं नाही कळत बाई, पण सात इंच आहे!"

*

मग रोमन आकडे. मी उत्साहाच्या भरात सांगून बसले, की रोमन लोकांकडे शून्यच नव्हतं.

घटक चाचणीत प्रशांतला शून्य मिळालं होतं. तो उभा राहिला. "मॅडम, माझे मार्क रोमनमध्ये लिहा ना."

वर्ग हसला. मी गोंधळले. विद्यार्थ्याने प्रथमच शिकवलेल्याचा उपयोग केला होता, त्याला नाही कसं म्हणणार? मार्कांची चौकट कोरी ठेवली. सोमवारी बघू म्हटलं.

सोमवारी त्याचे वडील पेढे घेऊन हजर! "मॅडम, पोरगं म्हणतं, इतके मार्क पडले की लिहिताच येईनात!"

*

बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवून मोजायची आपली रीत आहे ना, त्यावरून मी बाराच्या पायाची पद्धत शिकवली. चार बोटं, बारा पेरं. दहाचे गठ्ठे न करता बाराचे करायचे. एका शहाण्याने लगेच मोठ्या बाईंचं वय मांडलं. अठ्ठेचाळीस म्हणजे बाराचे चार गठ्ठे, वर काही नाही. लिहायचं चाळीस!

बातमी स्टाफरूममध्ये पोहोचली. एरवी माझ्या मंडळाकडे ढुंकून न बघणारा स्टाफ माझ्या टेबलाभोवती! आठाच्या पायात बाई साठीच्या होतात हेही मी प्रामाणिकपणे सांगितलं, तर मला गप्प बसवण्यात आलं. बाराची पद्धत एकमताने मंजूर झाली.

सर्वांत खूश नामपूरचे देवरे सर. पाढे छडीनेच पाठ होतात, अशी त्यांची श्रद्धा. मंडळाला ते 'टाइमपास' म्हणत. निवृत्तीला वर्षभर उरलेल्या सरांचे सत्तावन्नचे एकोणपन्नास झाले. त्यांनी स्वतः तीनदा ताळा केला, छडी कपाटावर ठेवली आणि अहिराणीत म्हणाले, "मंग रिटायर व्हवाले आजून नऊ वरीस शेतस!"

*

आणि मग ते साहेब आले. मी आदल्या दिवसापासून जेवले नव्हते.

शाळेत नवा कॉम्प्युटर होता. धूळ लागू नये म्हणून त्याला कव्हर, मुलं लागू नयेत म्हणून खोलीला कुलूप. तेव्हा त्याची दोनाची पद्धत मी मुलांवरच भागवत होते. फळ्यासमोर पाच खुर्च्या. वर्गाच्या उजव्या टोकाची खुर्ची एकाची, तिथून डावीकडे प्रत्येक खुर्ची दुप्पट: दोन, चार, आठ, सोळा. उभं राहिलं तर किंमत धरायची, बसलं तर शून्य. आम्ही सतरा करत होतो. सोळा आणि एक उभे, मधले तिघं बसलेले.

साहेब दारात, आणि अख्खा वर्ग ताडकन उभा! "नमस्ते साहेब!" खुर्च्यांवरचे आठ आणि दोनही उठले. चारच्या खुर्चीवरची मंगला, हरसूलची, तेवढी बसून. मोठ्या बाई साहेबांच्या मागून आत आल्या आणि तरातरा दुसऱ्या टोकाला गेल्या.

"मंगला, ऊठ! साहेब आलेत."

"नाय बाई. हे दोघं उठले तवाच सत्तावीस झाले. मी उठले त एकतीस होतील."

साहेब सोळाच्या पलीकडे, दाराशीच उभे होते. म्हणाले, "किती हवे होते?"

"सतरा."

"मग मी इथे उभा आहे. माझे किती?"

"तुमचे बत्तीस."

साहेब खूश दिसले. एकाच्या खुर्चीपलीकडे उभ्या असलेल्या बाईंकडे त्यांनी बोट केलं. "आणि या?"

मंगलाने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"डावीकडं दुप्पट होतं," ती बोटांवर मोजत म्हणाली, "मंग उजवीकडं निम्मं. बाई अर्ध्या."

मी मनातल्या मनात लुनाला किक मारली होती.

साहेबांनी आठ आणि दोनला खाली बसवलं. एक बाक पुढे ओढला आणि स्वतः त्यावर बसले. मग दुसऱ्या टोकाला पाहून शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्हीही बसा. नाहीतर साडेसतरा होतील!"